काडतूस निवडताना माझं काय चुकलं

परवा रात्री डार्विनहून नातवाचा फोन आला. माझ्या पुतण्याचा हा मुलगा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला नोकरीला आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे बाहेरून आणलेल्या म्हशी पुढे रानटी झाल्या आणि त्यांचे कळप आजही पाणथळ माळावर मोकाट फिरतात. त्यांची शिकार तिथे कायद्याने करता येते. त्याने परवाना काढलाय आणि आता खास स्वतःसाठी रायफल बनवून घ्यायचं त्याच्या मनात आहे. माउझरची जुनी ॲक्शन, नवी नळी, अक्रोडाचा दस्ता असा त्याचा बेत आहे.

"आबा, .३७५ घेऊ की .४५८? की अजून मोठं काही?"

मी म्हटलं, "चार दिवस थांब. लिहून पाठवतो." लिहायला बसलो आणि वाटलं, हे त्याच्या एकट्यापुरतं ठेवू नये. आपल्या राधानगरी, भुदरगड, गगनबावडा भागात कितीतरी घरांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या वेळच्या रायफली पडून आहेत. त्या पुसून पुन्हा चालू कराव्यात असं तरुण पोरांना वाटतं. मलाही वाटलं होतं. त्या हौसेपायी मी दोन हंगामांच्या गुळाचे पैसे घालवले आणि एक चांगलं हत्यार कायमचं निकामी केलं. जीव वाचला तो केवळ नशिबाने.

आमचं गाव राधानगरीपासून दोन-अडीच कोसांवर, भोगावतीच्या काठाला. दाजीपूरचं रान म्हणजे कोल्हापूर दरबाराचं शिकारीचं राखीव रान. शाहू महाराजांना शिकारीचा नाद किती होता, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. कोल्हापुरात पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटं धरली जायची, भाल्याने डुकराची शिकार व्हायची, आणि गव्यासाठी माणसं दाजीपूरला यायची. माझ्या थोरल्या चुलत्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. त्यांनी लहानपणी दरबारी हाक्यात ढोल वाजवला होता. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झालं, तरी परवान्यावर शिकार चालू राहिली. दादांनी तेव्हा एका घरंदाज कुटुंबाकडून जुनी जर्मन माउझर विकत घेतली. तिचं बोअर .४२३. इकडे सगळे तिला 'फोर-ट्वेंटी-थ्री' म्हणत. काडतुसाचं जर्मन माप १०.७५ गुणिले ६८, म्हणजे गोळीची जाडी पावणेअकरा मिलिमीटर आणि पितळी केसाची लांबी ६८ मिलिमीटर. हिंदुस्थानात त्या काळी ही रायफल बरीच चालायची, कारण इंग्रजी दुनळीच्या मानाने ती पुष्कळ स्वस्त पडे.

मी आठ वर्षांचा असताना, १९५६ च्या उन्हाळ्यात, दादांनी एका एकट्या गव्यावर बार टाकला. मी तिथे नव्हतो. पण त्यानंतरचे दोन दिवस मला तासातासाने आठवतात. गवा पडला नाही. कारवीत शिरला. रात्रभर माणसं बॅटऱ्या घेऊन रानाच्या कडेला बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी माग काढत असताना तो बाजूच्या जाळीतून आला आणि पुढे चाललेल्या हाकाऱ्याला त्याने शिंगावर घेऊन बाजूला भिरकावलं. त्या माणसाच्या चार बरगड्या मोडल्या. दादांनी पंधरा पावलांवरून मानेत दुसरी गोळी घातली म्हणून तो तिथे थांबला. जखमी माणसाला डोलीतून आणलं तेव्हा माझी आई चुलीजवळ उभी होती. तिच्या हातातलं भाकरीचं पीठ तसंच वाळून गेलं होतं, हे मला लख्ख आठवतं. तो माणूस वाचला, पण पुन्हा कधी ओझं उचलू शकला नाही. दादा मरेपर्यंत दर दिवाळीला त्याच्या घरी पायली-पायलीने धान्य पोचवत आले.

गवा सोलताना पहिली गोळी सापडली. ती आजही माझ्याजवळ एका पितळी डबीत आहे. फऱ्याच्या रुंद हाडावर आदळून ती छत्रीसारखी उमलली होती, टोकाचं शिसं पसरून तांब्याच्या कवचावर उलटं वळलं होतं, आणि चार बोटांच्या पलीकडे ती आत गेलीच नव्हती. काळजापर्यंत अजून वीतभर अंतर होतं.

आठ वर्षांच्या मुलाने ती गोळी हातात घेऊन एकच अर्थ काढला, की गोळी लहान पडली. मोठी पाहिजे होती. हा चुकीचा अर्थ मी पुढे पंधरा वर्षं डोक्यात बाळगला.

दादा १९६८ मध्ये गेले. रायफल रीतसर माझ्या परवान्यावर आली, पण काडतुसं अकराच उरली होती. जर्मन माल येणं कधीच बंद झालं होतं आणि मोठ्या बोअरची इंग्रजी काडतुसं बनवणारी कायनॉक कंपनीही हळूहळू तो माल बंद करत होती. मुंबईत एका दुकानात मला .४०४ जेफरीची काडतुसं मिळाली. .४०४ ची गोळीही .४२३ इंच जाडीचीच असते. नळी तीच, गोळी तीच, फक्त केस लांब आणि जाडजूड. ६८ मिलिमीटरऐवजी ७३. गोळी ३४७ ग्रेनऐवजी ४०० ग्रेन, म्हणजे साडेबावीस ग्रॅमऐवजी जवळजवळ सव्वीस. मला वाटलं, देवच पावला. सीमाभागात एक कारागीर होता, हात फार बसलेला. तो म्हणाला, "चेंबर पुढे कातून देतो. तुमची माउझर .४०४ होऊन जाईल."

आणि त्याने तसं करूनही दिलं. चेंबर कातलं. बोल्टचं तोंड मोठं केलं, कारण .४०४ चं बूड रुंद असतं. काडतूस मॅगझीनमध्ये मावेना, म्हणून पेटी पुढे सरकवली. काडतूस वर चढताना ज्या उतारावरून चेंबरात जातं तो उतारही खरवडून मागे घेतला. नवा दस्ता बसवला, त्याला तेलपाणी केलं. रायफल हातात घेतली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हिने दादांचं उणं भरून निघेल असं वाटलं.

१९७१ चा चैत्र. नदीच्या कोरड्या पात्रात, दरडीखाली पोतं भरून निशाण मांडलं. पहिला बार नीट गेला. खांद्याला असा दणका बसला की दातांवर दात आदळले, पण गोळी पोत्यात. दुसरं काडतूस चढवायला बोल्ट पुढे ढकलला तर गोळीचं टोक खाली मान घालून पेटीच्या भिंतीला अडकलं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. अडकलेलंच. बोटाने उचलून बसवलं आणि बार काढला. तोवर रायफल तासभर उन्हात तापली होती. तिसऱ्या बारानंतर बोल्टची मूठ वर उचलेचना. तळव्याने मारून पाहिलं, मग लाकडी हातोडी घेतली. केस बाहेर आलं, त्याच्या बुडाची टोपी चपटी होऊन कडेपर्यंत पसरली होती आणि बुडाच्या वर बोटभर अंतरावर पितळेवर एक चकचकीत वळं उमटलं होतं.

त्या वळ्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी आणखी दोन बार काढले. ही माझी सगळ्यात मोठी चूक. शिकारीतल्या चुकीपेक्षाही मोठी.

आमच्या तालुक्यात लष्करातून निवृत्त झालेले एक आर्मरर राहत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बोल्ट काढून ठेवला, टोकाला वाकवलेली तार आत घातली आणि जिथे बोल्टचे कान अडकतात त्या खाचेतून हळूच फिरवली. एका जागी तार अडकली. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथेच. ते म्हणाले, "खालच्या कानामागचं लोखंडच खरवडून काढलंय. उरलेलं आता मागे दबायला लागलंय. केस फाटायच्या बेतात आहे. हिचा अजून एक बार काढू नका. काढलात तर बोल्ट कुठे जाईल ते मी सांगत नाही."

साध्या लांबीच्या माउझरच्या ॲक्शनमध्ये .४०४ बसवायचं तर उतार मागे घ्यावाच लागतो. आणि तो उतार म्हणजे खालच्या कानाचा टेकू. थोडं कमी-जास्त झालं की टेकूच जातो. जाणकार बंदूकवाले हे काम मिलिमीटरच्या हिशेबाने करतात, नाहीतर सरळ लांब मॅग्नम ॲक्शन घेतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पुढचा फेरा कागदांचा. परवान्यावर बोअर .४२३ आणि हत्यार .४०४. शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे हत्यार बदलणं, दुरुस्त करणं, तपासून पाहणं हे सगळं परवानाधारकाकडूनच व्हायला हवं. माझ्या कारागिराकडे त्या कामाचा कागद होता की नव्हता, मी बघितलाच नाही. वर्षभर कचेरीचे जिने चढलो. शेवटी रायफल पोलीस ठाण्यात जमा केली आणि नंतर हक्क सोडल्याचं लिहून दिलं. मी स्वतःहून गेलो म्हणून खटला टळला. आज कोणी असं करून पाहू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पूर्वीपेक्षा फार कडक आहेत.

कागदांचं हे चालू असतानाच १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. गवा पुढे पहिल्या अनुसूचीत गेला, वाघाच्या पंगतीत. ज्या जनावरासाठी मी हे काडतूस निवडलं होतं ते जनावर मला कधीही मारता येणार नव्हतं. दाजीपूर तर १९५८ मध्येच गव्यांचं अभयारण्य जाहीर झालेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर रान राखलं जात होतं आणि मी त्याच रानाच्या काठावर बसून गव्यासाठी रायफल घडवत होतो. माझ्या वयाच्या माणसाला वारं कुठे वाहतंय हे दिसायला हवं होतं.

म्हणून नातवाला माझं पहिलं सांगणं: जनावर आणि काडतूस यांच्या आधी कायदा बघ. हे मी म्हातारपणी भित्रा झालोय म्हणून सांगत नाही. मोठ्या बोअरचा अख्खा इतिहासच असा घडलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींचा मोठा बोलबाला होता. पण जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलींचं बोअरही .४५०. या गोळ्या बंडखोरांच्या हाती लागतील, या धास्तीने इंग्रज सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० वर बंदी घातली. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी घाईघाईने जरा जाड, जरा वेगळ्या मापांची काडतुसं पुढे आणली. .५००/.४६५ त्यातलंच. ज्या .४७० ला आज आफ्रिकेत एवढा मान आहे तेही त्याच बंदीमुळे वर आलं. हत्ती किंवा गवा तसूभरही मोठा झाला नव्हता. स्वातंत्र्यानंतरही तेच चाललंय. .३०३ हे लष्करी बोअर म्हणून सामान्य माणसाला बंद आहे, आणि म्हणून शेतकऱ्याच्या घरी दिसते ती .३१५. तिची काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. बुडावर 'के एफ' असा ठसा असतो. पीक-राखणीच्या परवान्यावर .३१५ घेतलेल्या माणसाला काडतुसासाठी कधी वणवण करावी लागली नाही. माझ्या राजबिंड्या .४२३ ला अकरा काडतुसं उरली होती.

काडतूस मिळेल का, हा प्रश्न आजचा म्हणून विचारू नये. रायफल तीस-चाळीस वर्षं टिकते, तेव्हा तीस वर्षांनी मिळेल का असं विचारावं. .३७५ हॉलंड अँड हॉलंड १९१२ मध्ये निघालं आणि आजवर त्याची काडतुसं बनायची थांबली नाहीत. जगात कुठेही मोठ्या जनावराच्या शिकारीच्या गावात एका दुकानात तरी ते सापडतंच. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत धोकादायक जनावरासाठी किमान बोअर म्हणून .३७५ च धरतात. .४१६ रिग्बी १९११ चं. फार चांगलं काडतूस, पण मधली कित्येक वर्षं त्याची काडतुसं मिळणं मुश्कील झालं होतं आणि माणसं जुनी केसं सोन्यासारखी जपत होती. .४५८ विंचेस्टर आलं १९५६ मध्ये, स्वस्त रायफलीत बसेल असं आखूड केस घेऊन. आखूड केसात दारू दाबून भरावी लागे. सुरुवातीच्या काही मालात ती दारू गोळा होऊन नीट पेटायची नाही, गोळी कमी वेगाने जायची, आणि समोर जनावर असताना माणसाला ते कळायचं. पुढे दारू सुधारली. तरी त्याच जाडीच्या गोळीला लांब केस देणारं .४५८ लॉट निघालं ते उगाच नाही. ज्याने ते बनवलं त्या जॅक लॉटला आधी मोझांबिकमध्ये रानरेड्याने उडवलं होतं.

जुन्या लोकांची मोठी केसं ही ऐट नव्हती, हेही इथेच सांगतो. तेव्हाची कॉर्डाइट दारू उन्हात तापली की दाब वाढायचा. विलायतेच्या थंडीत नीट चालणारी रायफल आपल्या वैशाखात अडकायची. म्हणून .४१६ रिग्बी आणि .४०४ सारख्यांना ऐसपैस केस देऊन दाब कमी ठेवला होता. माझ्या नदीकाठच्या प्रसंगात आधीच अशक्त झालेल्या ॲक्शनवर ऊनही चढलं होतं. डार्विनचं ऊन आपल्यापेक्षा कमी नाही. तेव्हा काडतुसं गाडीच्या काचेमागे ठेवू नकोस. आणि कुणी पुस्तकातल्या मापाहून जास्त दारू भरून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार कर आणि निघ.

आता त्या डबीतल्या गोळीकडे वळतो, कारण त्यातच खरा धडा होता.

आमच्याकडे जांभ्यात खड्डा घ्यायचा तर पहार लागते. घण पहारीपेक्षा जड असतो, तोंडाने रुंद असतो. पण घण मारला तर जांभा तडकतो आणि घण परत येतो. पहार आत जाते, कारण तिचं सगळं वजन एका बारीक टोकामागे लांबच लांब उभं असतं. गोळीचंही तसंच. जाडीच्या मानाने वजन किती, यावर ती किती खोल जाईल ते ठरतं. .४२३ माउझरची गोळी ३४७ ग्रेनची, पावणेअकरा मिलिमीटर जाड. आखूड, बुटकी. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी तिच्याहून हलकी आणि बारीक, साडेनऊ मिलिमीटरची. पण जाडीच्या मानाने तिचं वजन जास्त पडतं आणि वेगही जास्त, सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास. हाडातून ती जास्त खोल जाते. दादांची गोळी लहान नव्हती. ती आखूड होती आणि तिचं टोक मऊ होतं. मऊ टोकाची गोळी चितळासाठी, सांबरासाठी. हजार किलोपर्यंत जाणाऱ्या गव्याच्या फऱ्यावर तिरकी मारायची तर पूर्ण कवचाची, न उमलणारी गोळी हवी होती.

आणखी एक गोष्ट दादांनी स्वतः मला फार उशिरा, मरणाच्या आदल्या वर्षी सांगितली. त्या दिवशी त्यांचा नेम वर गेला होता. गव्याचं वशिंड पाठीवर डोंगरासारखं उठलेलं असतं. त्याच्या आत पाठीच्या मणक्यांची लांब हाडं असतात, जीव नसतो. डोळा वशिंडासकट उंची मोजतो आणि नेम आपोआप वर चढतो. काळीज असतं खूप खाली, पुढच्या पायाच्या मागे. म्हणजे रायफलही पुरेशी होती, माणूसही अनुभवी होता. गोळीचा प्रकार आणि हातभराचा नेम चुकला. आणि मी त्यातून शिकलो काय, तर मोठं काडतूस. जिम कॉर्बेटसारखा माणूस .२७५ रिग्बीसारखी बारीक रायफल वापरत असे आणि जवळून जाड जनावर असेल तेव्हा .४५०/.४०० ची दुनळी हाती घेत असे, हे मी वाचलेलं होतं. वाचून सोडून दिलं होतं.

म्हणून बाळा, माझं मत विचारशील तर .३७५ घे. म्हशीला ते पुरतं, चांगली कवचाची गोळी आणि चांगली उमलणारी गोळी अशा दोन्ही मिळतात, आणि तुझा खांदा ते सोसेल. मुख्य म्हणजे हे शेवटचं. मोठ्या बोअरचा दणका सहन होतो असं सगळेच म्हणतात. पण चाप ओढायच्या आधी पापणी मिटते आणि उजवा खांदा मागे ओढला जातो, हे स्वतःला दिसत नाही. मला आर्मररांनी दाखवून दिलं. त्यांनी दुसऱ्या रायफलीत माझ्या नकळत कधी खरं, कधी रिकामं काडतूस घातलं. रिकाम्यावर चाप ओढताना नळीचं तोंड चक्क चार बोटं खाली गेलं. मी शरमलो नाही, उलट हायसं वाटलं, कारण दोष कुठे आहे ते सापडलं. रायफल बनवायला टाकण्याआधी भाड्याने किंवा मित्राची .३७५ घे आणि उभं राहून वीस बार काढ. टेबलावर नळी टेकवून नव्हे. म्हैस समोर आल्यावर टेबल नसतं. त्यात मन कचरलं तर अजून खालच्या बोअरवर ये, त्यात कमीपणा नाही. .४५८ ची हौस मग मनातल्या मनातच विरून जाईल.

ॲक्शनचं आता वेगळं सांगायला नको. .३७५ चं काडतूसही लांबच असतं, तेव्हा आधी काडतुसाची पूर्ण लांबी मोज आणि त्याला मुळातच मॅग्नम लांबीची ॲक्शन घे. खरवडून जागा करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस, त्याचा हात कितीही बसलेला असो. माउझरची लांब नखी केसाची कड पहिल्यापासून धरून ठेवते, म्हणून ती चांगली. पण नखी चांगली म्हणून पेटी चांगली होत नाही. रायफल ताब्यात घेण्याआधी पेटी पूर्ण भरून, तुझ्याच गोळ्यांनी, दहा वेळा जोरात बोल्ट मारून बघ. हळू नव्हे, जोरात, घाबरलेला माणूस मारतो तसा. एकदाही अडकली तर पैसे देऊ नकोस. नळीवर चाचणीचा ठसा आहे का ते बघ. आणि वजन कमी करायचा हट्ट धरू नकोस, भरल्या पेटीसकट चार किलोच्या पुढे असू दे. खांद्याला ते मानवतं.

आता इथल्यांसाठी. राधानगरी अभयारण्य १९८५ मध्ये वाढवलं गेलं आणि आता ते ३५१ चौरस किलोमीटरांहून थोडं अधिक आहे. वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपली नोंद वनखात्याकडे करायची असते, आणि त्या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना मिळत नाही. ३१ व्या कलमाप्रमाणे लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात पाऊलही टाकता येत नाही. मग ते हत्यार नुसतं गाडीत पडलेलं असो. अभयारण्यात किंवा गव्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या जनावराच्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद आहे, सातपर्यंत जाते. रानडुकराचं वेगळं. त्यासाठी वनखात्याकडे लेखी परवानगी मागता येते आणि ती हाती आल्यावरच बार काढायचा.

घरातलं माणूस गेलं आणि त्याच्या परवान्यावरचं हत्यार मागे राहिलं, तर ते माळ्यावर ठेवू नका. चौथा-दहावा आटोपला की पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, आणि वारसाच्या नावाने अर्ज करा. निवडणुकीत जमा करता तसंच. आठवण म्हणून ठेवायचं असेल तर ते कायमचं निकामी करून ठेवण्याचा रस्ता रीतसर विचारा. आणि जुनी रायफल "जरा साफ करून" देणाऱ्या कुणालाही तिचं चेंबर, नळी, बोल्ट यांना हात लावू देऊ नका.

उसात गवा शिरला तर काय, हे मला दर पावसाळ्याच्या तोंडाला कुणी ना कुणी विचारतंच. फड तुडवला की जीव तुटतो, मला माहीत आहे, माझाही तुडवलाय. पण गव्याभोवती गर्दी करू नका. २०२० च्या डिसेंबरमध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा आठवा. माणसांच्या धावपळीतच तो बिचारा गेला. त्याला निघायला वाट मोकळी ठेवा, फटाके फेकून घेरू नका, वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवा आणि सकाळी लगेच पंचनामा करून घ्या. भरपाई उशिरा येते, पण पंचनामा नसेल तर येतच नाही. सौर कुंपण लावा. थेट लाइनचा करंट तारेत कधीही सोडू नका. अशा तारेला आपलीच माणसं चिकटल्याचं मी पाहिलंय.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी आमच्या खालच्या तुकड्याच्या बांधावर सात गवे उभे होते. पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, पाठीवर तो डोंगर. मोठा रेडा माझ्याकडे बघत राहिला. मी काठी टेकून उभा राहिलो, मागे न वळता हळूहळू घराकडे सरकलो. खिशात ती डबी नव्हती, पण हात खिशाकडे गेला.

नातवाचा काल निरोप आला. .३७५ ठरलं, लांब ॲक्शन ठरली, आणि बनवणाऱ्याने दहा वेळा पेटी मारून दाखवायचं कबूल केलंय. पहिल्या वीस बारांची रिकामी केसं तो दिवाळीला येताना मला दाखवायला आणणार म्हणत होता. त्याला लगेच फोन केला. रिकामं केससुद्धा सामानात आणू नकोस. चुकून बॅगेच्या कप्प्यात राहिलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर माणसं अडकलीत, गुन्हे दाखल झालेत. निघायच्या आधी बॅग उलटी करून झटक. केसांच्या बुडांचे फोटो पाठव, उजेडात, जवळून काढलेले. टोप्या चपट्या झाल्यात का आणि पितळेवर कुठे चकचकीत वळं आहे का, ते मी इथूनच बघेन.